जुना संगणक, लिबरऑफिस कॅल्क आणि बचतगटाची यादी : आठ महिन्यांचा अनुभव

घरचा संगणक 2011 सालचा, विंडोज 7, रॅम दोन जीबी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या बचतगटाचा हिशेब माझ्याकडे आला, तेव्हा आधीच्या सचिवबाईंनी पेनड्राइव्हवर फाइल दिली. ती उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला. सासरे मागून डोकावून म्हणाले, "हाई काय लिखेल शे?"

फाइल होती कृतीदेव नावाच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. दुकानातून फॉन्ट आणून टाकला, कॅल्क (लिबरऑफिसमधला एक्सेलसारखा मोफत प्रोग्राम) बंद करून पुन्हा उघडलं, नावं दिसली. वाटलं, झालं काम. मग आडनावं अकारविल्हे लावायला गेले तर बोरसे, महाजन, पाटील, सोनवणे असा क्रम! पाटील बोरसेंच्या आधी हवेत. कारण कृतीदेवमध्ये मराठी फक्त दिसतं. 'राम' म्हणजे आत जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं. संगणक क्रम लावतो तो त्यांचाच. म्हणून फॉन्ट बदलून हा घोळ मिटत नाही, मजकूरच युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, आणावा लागतो.

रूपांतर करताना मी मोठा गाढवपणा केला. अख्खी शीट उचलून रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकली. कृतीदेवमध्ये टिंबाच्या कळीवर अर्धा ण आणि तिरप्या रेघेवर अर्धा ध असतो, त्यामुळे 250.50 चं '250ण्50' झालं आणि तारखांमध्ये ध् घुसला. बेरीज अर्थातच बोंबलली. फक्त नावाचा आणि गावाचा रकाना घ्या, आकड्यांना हात लावू नका. मूळ फाइलची प्रत तर आधीच काढून ठेवा. माझी होती म्हणून वाचले.

त्यानंतर दोन संध्याकाळी एका वेगळ्याच गोष्टीवर गेल्या. रिकाम्या रकान्याला वरच्या पट्टीतून नवा फॉन्ट द्यायचा, मराठी लिहायचं, की पुन्हा विंडोजचा मंगल फॉन्टच! कॅल्क इंग्रजीचा फॉन्ट वेगळा ठेवतं आणि देवनागरीचा वेगळा. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची खूण करा, मग फॉरमॅट सेल्समध्ये देवनागरीसाठी स्वतंत्र जागा दिसते. मी एफ 11 दाबून डीफॉल्ट स्टाइलमध्येच मोफत वापरता येणारा देवनागरी फॉन्ट लावून टाकला, तेव्हापासून कटकट नाही. वेलांट्यांची डोकी कापली जात असतील तर ओळीची उंची कोणीतरी हाताने बांधलेली असते; ऑप्टिमल हाइट करा.

दुकानातून फॉन्ट आणताना हौसेने दोनशेवर टाकले होते. कॅल्क उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. बहुतेक काढून टाकले, आता बरं चालतं. बँकेत द्यायची यादी पीडीएफ करूनच देते, म्हणजे तिकडे कोणता फॉन्ट आहे ही चिंता नको. आणि विंडोज 7 वाल्यांनी लिबरऑफिसची 25.8 किंवा त्यापुढची आवृत्ती उतरवायला जाऊ नये, ती या विंडोजसाठी नाही.

एक दुखणं मात्र राहिलंय. गावाच्या रकान्यात 'कुऱ्हे' मोजलं तर चार यायचे, बाया आहेत सहा. दिसायला सगळी कुऱ्हे सारखीच, पण रूपांतरातून आलेल्या दोघींचा र साधा आणि मी टंकलेल्या चौघींचा नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला वेगळा र. त्या दोन नोंदी परवा पुसून पुन्हा लिहिल्या. आता 'वऱ्हाडे' आडनावाच्या काकूंची पाळी.