ओल ओळखणारा अलार्म: मोठ्या माणसांनी घ्यावा का?

झोपेत अंथरूण ओलं होणं हा फक्त लहान मुलांचा प्रश्न नाही. शंभरातल्या एखाद-दोन मोठ्या माणसांनाही हा त्रास असतो आणि त्यातले पुष्कळ जण कुणाला न सांगता वर्षानुवर्षं चादरी धूत राहतात. अशांच्या हाती अनेकदा हा अलार्म येतो: चड्डीला लावायचा छोटा सेन्सर आणि खांद्याला अडकवायचा बझर. वस्तू कामाची आहे, पण सगळ्यांच्या नाही.

सेन्सरवर ओल आली की सर्किट जुळतं आणि बझर वाजतो. म्हणजे सगळा खेळ पहिले थेंब किती लवकर पोचतात यावर. पुरुषांनी सेन्सर चड्डीच्या पुढच्या बाजूला लावावा, बायकांनी खाली मधोमध. सैल बॉक्सरवर लावलात तर बझर वाजेपर्यंत गादी भिजलेली असते. अंगाला बसणारी सुती चड्डीच हवी. घामाने उगाच वाजत असेल तर पांघरूण हलकं करा. सेन्सर रोज सकाळी पुसून कोरडा करा, कारण लघवीतले क्षार साचले की तो भलत्या वेळी वाजतो किंवा वाजतच नाही.

नुसत्या कंपनावर चालणारा प्रकार खोलीत दुसरं कुणी झोपत असेल तर सोयीचा वाटतो. पण ज्याची झोप गाढ, त्याला तेवढ्याने जाग येत नाही. आवाज आणि कंपन दोन्ही असलेला घ्या आणि शेजारी झोपणाऱ्याला विश्वासात घ्या. वाजल्यावर पडल्या पडल्या बटण दाबून पुन्हा झोपणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी उठायचं, दिवा लावायचा, उरलेली लघवी करून यायचं, कोरडी चड्डी घालून सेन्सर परत लावायचा. हे रोज, दोन-तीन महिने. पहिल्या महिन्यात कोरडी रात्र मिळेलच असं नाही. ओला डाग लहान होत जाणं हीच पहिली खूण. सलग 14 रात्री कोरड्या गेल्या की अलार्म थांबवून बघता येतो.

हे सगळं कुणासाठी? ज्यांचं अंथरूण ओलं होणं लहानपणापासून कधी पूर्ण बंद झालंच नाही, त्यांच्यासाठी. मधे सहा महिने किंवा जास्त कोरडे गेले आणि आता पुन्हा सुरू झालं, तर अलार्म बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. मागे मधुमेह, लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, झोपेच्या गोळ्या किंवा दारू असू शकते. जोरजोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हेही कारण असतं: अशा झोपेत हृदयातून सुटणारं एक संप्रेरक रात्री जास्त लघवी तयार करायला लावतं. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचं अंथरूण नव्याने ओलं होऊ लागलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नसेल. भरून वाहणारी लघवी झोपेत गळते, दुखत काहीच नाही, आणि मूत्रपिंडांवर मात्र ताण येत राहतो. हे अंगावर काढू नये.

लघवीत रक्त किंवा ताप असेल तर लवकर दाखवा. पाठदुखीबरोबर पायात अशक्तपणा, बसण्याच्या जागी बधिरपणा किंवा शौचावरचा ताबा सुटणं, यापैकी काही असेल तर त्याच दिवशी इमर्जन्सीला जा. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्या असू शकतात आणि तिथे उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं.

गादीचं वॉटरप्रूफ कव्हर मात्र दोन्ही प्रकारच्या लोकांनी घ्यावं. जाड प्लास्टिकचं नको, त्यात घाम येतो. कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असलेलं बरं. कडक उष्णतेवर वाळवलं तर तो थर सुटतो. वर अंथरायचा शोषून घेणारा पॅड धुताना सॉफ्टनर घालू नका, शोषण कमी होतं.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची नोंद न्या: कधी काय किती प्यायलं, मापाच्या भांड्यात दर वेळी लघवी किती मिली झाली, रात्री ओलं कधी झालं. रात्री झोपेत झालेली लघवी मोजता येत नसेल तर वापरलेल्या डायपरचं वजन करा. कोरड्यापेक्षा जास्त भरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. सकाळची पहिली लघवीही रात्रीच्याच खात्यात धरायची.