बटणवाला की टचवाला? हातातला जीपीएस घेण्याआधी

फोन असताना वेगळा जीपीएस कशाला, हा प्रश्न तुम्ही मागे टाकला आहे असं धरून चालतो. मग पुढचा प्रश्न येतोच: बटणांचा घ्यावा की टचस्क्रीनचा? मी आधी टचवाला घेतला, नंतर बटणवाला. दोन्ही अजून घरात आहेत, दोन्ही चालू आहेत. तटस्थ राहायचा प्रयत्न करतो. नाहीच जमलं तर सांभाळून घ्या.

अचूकतेचं आधी उरकून टाकू, कारण घेणारा माणूस हमखास तिथेच अडकतो. मे २००० मध्ये अमेरिकेनं नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. त्याआधी शंभरेक मीटर इकडेतिकडे धरावेच लागायचे. आता उघड्या आकाशाखाली कुठलंही बरं यंत्र काही मीटरांच्या आत जागा दाखवतं. उपग्रहांच्या नेहमीच्या एल१ फ्रीक्वेन्सीच्या जोडीला एल५ ही दुसरी फ्रीक्वेन्सीही वाचणारं यंत्र मिळालं तर घ्या, कड्याखाली आणि अरुंद घळीत त्याचा उपयोग होतो. तिथे सिग्नल खडकावर आपटून उशिरा पोचतात आणि ट्रॅक, म्हणजे यंत्रानं नोंदलेली आपल्या वाटेची रेघ, वेडावाकडा होतो. पण ही सोय २०१८ पासून काही फोनमध्येही आहे, आणि तिचा बटणांशी किंवा टचशी काही संबंध नाही.

संबंध आहे तो थोडासा अँटेनाचा. डोक्यावर ठोंब असलेली यंत्रं बहुतेक बटणांची असतात. त्या ठोंबात वेटोळ्याचा अँटेना असतो आणि तो उभा असताना नीट ऐकतो. पातळ, सपाट यंत्रातला अँटेना आकाशाकडे तोंड करून आडवा ठेवलेला बरा. सॅकच्या पट्ट्याला यंत्र उभंच लटकतं, त्यामुळे दाट झाडीत ठोंबवाल्याची बाजू उजवी असावी असं माझं मत झालंय. मोजून पाहिलेलं नाही. घरी येऊन ट्रॅक संगणकावर उघडला की एकाची रेघ शांत दिसते आणि दुसऱ्याची जरा थरथरते, एवढंच.

टचच्या बाजूनं बोलायचं तर पुष्कळ बोलता येईल. बसल्या जागी पलीकडची दरी पाहायची, तिथून वर येणारी वाट शोधायची, दोन वाटा कुठे मिळतात ते बघायचं, हे सगळं बोटानं झटपट होतं. बटणांवर तेच करताना बाण दाबून नकाशा टप्प्याटप्प्यानं ढकलावा लागतो आणि तो पुन्हा आखला जाईपर्यंत वाट पाहावी लागते. वेपॉइंटला, म्हणजे नकाशावर खूण करून ठेवलेल्या जागेला, नाव द्यायचं असेल तर बटणवाल्यावर एकेक अक्षर शोधत फिरा. जुन्या मोबाइलवर एसएमएस लिहिण्यापेक्षाही कंटाळवाणं काम. मी नावं देणं सोडून दिलंय. ०४७, ०४८ असे आकडेच राहू देतो आणि रात्री वहीत लिहून ठेवतो. सोबतच्या नवख्या माणसाच्या हातात यंत्र द्यायचं असेल तर टचवाला द्यावा, त्याला काही शिकवावं लागत नाही.

निकाल लागला तो पावसात. धो धो पावसाबद्दल बोलत नाही, त्यात यंत्र खिशातून बाहेर काढतोय कोण! भुरभुर, धुक्यातलं पाणी, टोपीच्या कडेवरून टपकणारे थेंब. यंत्रावर आयपीएक्स७ लिहिलेलं असतं, म्हणजे १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी शिरू नये. शिरतही नाही. पण आजकालच्या टचला बोट कळतं ते बोटातून वीज वाहू शकते म्हणून, आणि पावसाच्या पाण्यातूनही ती वाहते. थेंब काचेवरून ओघळला की यंत्राला वाटतं, मालकानं बोट फिरवलं. नकाशा सरकतो.

नुसता सरकला असता तर चाललं असतं. पण नकाशा हातानं सरकवला की यंत्र समजतं, याला दुसरीकडचं काहीतरी पाहायचंय, आणि तुमच्या मागोमाग येणं थांबवतं. तुम्ही चालताय, नकाशा तिथेच उभा. थोड्या वेळानं बघावं तर पडद्यावर डोंगराची एक धार आणि एक ओढा, दोन्ही अगदी ओळखीचे वाटणारे, आणि आपला बाण कुठेच नाही. धुक्यात सगळ्याच धारा ओळखीच्या वाटतात हे वेगळं सांगायला नको. परत आपल्या जागेवर यायचं बटण असतं, पण तेही पडद्याच्याच कोपऱ्यात. ओल्या बोटाला ते दाद देत नाही. मग पडदा शर्टाला पुसायचा, तर पुसणं म्हणजेसुद्धा स्पर्श! या पुसापुशीत माझ्या यंत्रानं झूम पार बाहेर नेलंय, नको तिथे वेपॉइंट टाकलेत आणि एकदा चालू ट्रॅक थांबवायचा का, असंही विचारलंय. हो म्हणणारं बटण ओल्या बोटाच्या अगदी शेजारी.

स्क्रीन लॉक कर ना, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. करतोच. पण लॉक काढायलाही पडद्यावर बोट ओढावं लागतं, आणि वाट फुटली की दरवेळी काढावं लागतं. हातमोज्यांसाठी पडदा जास्त हळवा करायची सोय काही यंत्रांत असते. ती चालू केली की थेंबांचं राज्य आणखी वाढतं. जुन्या पद्धतीचे, दाबानं चालणारे टच पडदे यातून सुटतात खरे, पण ते जोर लावून दाबावे लागतात आणि उन्हात जरा मळकट दिसतात. तुमचं फिरणं कोरड्या हवेत असेल तर हा सगळा परिच्छेद विसरलात तरी चालेल. खरंच सांगतो, मग टचवाला घ्या, सुखी राहाल.

बटणवाल्यालाही दोष आहेत. सॅकमध्ये झूमचं बटण दाबलं जातं, कधी बाणाचं बटण दाबलं जाऊन नकाशा सरकतोही. फरक इतकाच की मागे जायचं बटण अंगठ्याखाली असतं, न बघता दाबता येतं आणि नकाशा जागेवर येतो. रबराखाली काहीतरी खट् झालेलं बोटाला कळतं. अंधारात, हातमोज्यात, गारठ्यानं बोटं बधिर असताना हे कळणं मला फार मोलाचं वाटतं. कुणाला नाही वाटणार, मान्य आहे.

सेलबद्दल थोडं. दोन पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र मला अजूनही आवडतं. संपले की बदलले, पुढे चला. रिचार्जेबल सेल घालत असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नका, ते १.२ व्होल्टचे, साधे १.५चे, त्यामुळे चार्जची पट्टी वाटेल ते सांगते. बर्फातल्या थंडीत लिथियमचे एकदाच वापरायचे सेल बरे. आतल्या बॅटरीची नवी यंत्रं एका चार्जवर कितीतरी जास्त तास चालतात, यात वाद नाही. पण बॅटरी म्हातारी झाली की काय, याचं उत्तर कुणी नीट देत नाही.

मनासारखं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही, आणि माझ्या मागण्या काही अवघड नाहीत. नकाशासाठी बटणं हवीत, नाव लिहिण्यापुरता टच हवा, आणि तो टच बंद करणारा खटका यंत्राच्या कडेला हवा, मेनूत नको. नकाशा चुकून सरकला तर मिनिटभरात त्यानं आपणहून माझ्याजवळ परत यावं. वेपॉइंटला नाव टाइप करण्याऐवजी दोन शब्द बोलून ठेवता यावेत. पेन्सिल सेल चालावेत, आणि ते आत असतानाच यूएसबी-सीवर चार्जही व्हावेत. पडदा उन्हाचाच उजेड वापरून उजळणारा असावा, म्हणजे दिवसा बॅकलाइट लागणार नाही. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक हवाच, पण हवा पालटली की त्यानं तसं सांगावं: दाब १ हेक्टोपास्कलनं उतरला की ते यंत्र बसल्या जागी साधारण ८ मीटर वर चढतं आणि आपण तंबूतच असतो. उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय असली तर उत्तम, फक्त काही देशांत अशी यंत्रं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, ते आधी तपासा.

यातलं जे आज मिळतं ते बटणवाल्यांत जरा जास्त मिळतं, असं मला वाटतं. तरी माझ्यावर जाऊ नका. विकत घेण्याआधी दोन्ही हातात घ्या, बोटं पाण्यात बुडवा, पडद्यावरही चार थेंब पडू द्या, आणि नकाशा सरकवून परत आपल्या जागेवर आणून दाखवा. विकणारा नको म्हणाला तर त्यालाच करून दाखवायला सांगा.