आठवडी बाजारातलं जुन्या कॉमिक्सचं दुकान: कव्हर नाही, रेघ बघा

वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या आठवडी बाजारात, बी-बियाण्यांच्या आणि भांड्यांच्या मधोमध ताडपत्रीवर हे दुकान लागतं. शाळेची जुनी पुस्तकं, दिवाळी अंक आणि तीन लोखंडी पेट्या भरून कॉमिक्स. एकेकाळी नागपूरच्या रद्दीत जे सहज मिळायचं, ते आता इथे जास्त मिळतं. गावोगावची घरं आवरताना निघालेला माल थेट इथेच येतो.

दहाच्या आत पोचा. ऊन चढलं की वरच्या रांगेतले अंक तापतात आणि तेच अंक दर बाजारी वर मांडले जातात. उन्हाने लाल-पिवळा आधी उडतो, निळा-काळा टिकतो. म्हणून वरची कव्हरं निळसर, आजारी दिसतात. खालच्या थरातले काढायला सांगा, दुकानदार कुरकुरत नाही. उलट म्हणतो, "चाळा ना भाऊ, पान कमी असन तं पुढच्या बाजारी वापस आना." हा शब्द तो पाळतो. रद्दीच्या धंद्यात हे दुर्मीळ.

तरी मोजून घ्याच. आतली पानं 32 असतील तर ते चार-चार पानांचे आठ ताव असतात. एकाच तावाच्या एकाच बाजूला छापलेल्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज 33 यायला हवी. 5-6 चं पान फाटलं असेल तर 27-28 सुटं झालेलं असणार. मधला ताव, म्हणजे 15 ते 18, सगळ्यात आधी गळतो, कारण पिना तिथेच ओढ घेतात.

आता मुद्द्याचं. इथे पैसे कशावर टाकायचे? चित्रासाठी घेत असाल तर इंद्रजाल कॉमिक्सच्या गठ्ठ्यावर. 1964 साली वेताळाला, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमला, घेऊन ही मालिका निघाली, 1990 मध्ये बंद पडली. यात विल्सन मॅकॉय आणि साय बॅरी या दोन्ही चित्रकारांचा वेताळ सापडतो, आणि दोन अंक शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. मॅकॉयची रेघ एकसारख्या जाडीची, साधी, जवळजवळ मुलांच्या चित्रासारखी. बॅरी काळ्या शाईने जंगल उभं करतो. खांद्याखालची सावली, झाडांमागचा अंधार, सगळं ब्रशचं काम. मूळ चित्रं वर्तमानपत्रातल्या पट्ट्यांची असल्यामुळे पानात बसवताना चौकटी कापल्या गेल्यात. कुठे पाय गायब, कुठे घोड्याचं शेपूट. मराठी अंकात आणखी एक अडचण: संवादांचे फुगे इंग्रजीच्या मापाचे, त्यात आपल्या वेलांट्या-मात्रा कोंबलेल्या. इंद्रजालचाच 1976 पासूनचा नायक बहादूर मात्र इथल्याच मातीतला. लेखन आबिद सुरती यांचं, चित्रं गोविंद ब्रह्मानिया यांची. फेटे आणि घोडे बघायला तो घ्यावाच.

अमर चित्र कथेत राम वाईरकरांचा 'कृष्ण' आणि प्रताप मुळीकांचे अंक शोधा. मुळीकांनी काढलेलं वस्त्र बघा: चुणी कमरेपाशी बारीक सुरू होते आणि गुडघ्यावर जाड होऊन थांबते, त्यामुळे कापडाचं वजन कळतं. पुढे नागराज या सुपरहिरोच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रंही त्यांनीच काढली. ते हिंदीत, पण आपल्याकडे त्याने कोणाचं अडलं नाही. काही अंकांच्या नव्या छपाईत संगणकाने रंग चढवलेत. त्या छटांखाली ही चूण बुडते. कागद गुळगुळीत हवा असेल तर नवा घ्या, रेघ हवी असेल तर पिवळा पडलेला जुना. टिंकल या मुलांच्या मासिकात वसंत हळबे यांच्या शिकारी शंभूचे डोळे टोपीखाली झाकलेलेच असतात. घाबरणं, फुशारकी, सगळं नाकातोंडावर आणि मिशीवर. फुकटची शिकवणी आहे ती.

जुना घेताना रंग सरकलाय का ते ओठांवर आणि कपाळाच्या टिळ्यावर बघा. रंग थोडा बाहेर गेला तरी चालेल. पण काळी शाईच फुटून रेघ केसाळ झाली असेल तर अंक ठेवून या, कितीही स्वस्त असो.

दुकानाचे दोष दोन. किंमत बॉलपेनने थेट कव्हरवर लिहितात. आणि गठ्ठे सुतळीने असे आवळतात की कडा कापल्या जातात. मराठी इंद्रजालचा भाव हिंदीच्या दुप्पट सांगतात. चार अंक एकत्र घेतले की उतरतो.

घरी आणल्यावर लगेच कपाटात नको. कसरीची बारीक भोकं किंवा भुकटी दिसली तर अंक पिशवीत घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे. लोडशेडिंग असेल तर आणखी एक. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर दव थेट कागदावर बसतं. गंजलेली पिन मधल्या पानावरून बोथट सुरीने सरळ करून काढा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ आत मारा. सेलोटेप अजिबात नको. पुढे तपकिरी डाग पडतो आणि चिकट मागे राहतं.

पुस्तकांना घालतात ते जाड प्लॅस्टिक मे महिन्यात शाईला चिकटतं. नव्या शर्टावरची कुरकुरीत पिशवी बरी. कूलरच्या खोलीत ठेवू नका, कागद ओल धरतो. टिनाच्या छपराखालीही नको. आतल्या भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून फूटभर वर, अंक उभे नव्हे, आडवे, एकावर एक दहापेक्षा जास्त नाहीत.

पावसाळ्यात दुकान लागत नाही, पोळ्यानंतर पुन्हा मांडतात. त्या पहिल्या बाजारी पेटी नुकतीच उघडलेली असते. प्रत्येक अंक नाकाशी धरून बघा. कुबट वास आला तर चित्र कितीही आवडलं तरी पुढच्या खेपेला घ्या, तोवर त्याला ऊन-वारा लागू द्या.