स्पॅनिश कपड्यांची चित्रकार्डं, सात महिन्यांनंतर: एका ‘एल’चा घोळ

कपड्यांचे स्पॅनिश शब्द चित्रकार्डांवरून शिकवणाऱ्या या अ‍ॅपला पहिल्या महिन्यात चार तारे दिले होते. आता अडीच. वार्षिक वर्गणी पुन्हा भरावी का, एवढाच प्रश्न असलेल्यांसाठी उत्तर: नाही. एक महिन्याची घ्या, का ते खाली आहे.

मूळ दोष एकच. चित्र आहे, शब्द आहे, देश कुठेच लिहिलेला नाही. टी-शर्टच्या चित्राखाली ‘पोलेरा’ येतं. चिलीत ते बरोबर. पेरूत पोलेरा म्हणजे जाड स्वेटशर्ट, अर्जेंटिनात उंच गळ्याचा स्वेटर. टी-शर्टला स्पेनमध्ये कामिसेता, मेक्सिकोत प्लायेरा, अर्जेंटिनात रेमेरा म्हणतात. ‘पोलेरा’त एकाऐवजी दोन ‘एल’ (l हे अक्षर) लावले की होतं पोयेरा, ब्वेनोस आयरेसच्या उच्चारात पोशेरा, आणि अर्थ होतो स्कर्ट. पनामात तोच शब्द सणाच्या घेरदार राष्ट्रीय पोशाखाचा. इतकं सगळं एका अक्षरावर असताना अ‍ॅप एक ‘एल’ सुटला तरी हिरवी खूण देतं! स्पेलिंगच्या बाबतीत ही सवलत चालणारच नाही.

मेदियास स्पेनमध्ये बायकांचे लांब, पातळ स्टॉकिंग, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी साधे पायमोजे. कार्तेरा स्पेनमध्ये पैशांचं पाकीट, अर्जेंटिनात बायकांची पर्स. चाकेता स्पेनमध्ये जॅकेट, पण मेक्सिकोच्या बोलीत त्याला अश्लील अर्थ आहे. तिथे चामार्रा म्हणावं. ही सूचना तर पहिल्या कार्डावर हवी होती.

कार्डावर स्वतःची टीप लिहिता येते, त्यामुळे काम भागेल असं आधी वाटलं. भागत नाही. टीप उजळणीत दिसते, चाचणीत दिसत नाही.

मात्र ‘केदार’ (कपडा अंगाला कसा होतो ते सांगणाऱ्या) क्रियापदाचा धडा अप्रतिम आहे, आणि त्यासाठीच एक महिना घ्यायचा. इंग्रजीतून शिकताना ‘उरणे’ असा अर्थ पाठ होतो आणि दुकानात वाक्य जमत नाही. मराठीत मात्र रचना तशीच आहे: ‘मे केदा ग्रांदे’, मला मोठा होतो. बूट असतील तर ‘मे केदान ग्रांदेस’, मला मोठे होतात. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. तसंच ‘मे पोंगो ला कामिसा’: शर्ट घालतो, ‘माझा’ शर्ट नव्हे. क्वेयो म्हणजे मान आणि कपड्याची कॉलरही, आपल्या ‘गळ्या’सारखंच. पुन्यो म्हणजे मूठ आणि बाहीचा कफ. खेमेलोस म्हणजे जुळे, कफलिंक आणि दुर्बीणसुद्धा. इथे अ‍ॅपने तिन्ही चित्रं दिली आहेत. म्हणजे जमतं त्यांना, फक्त देशांच्या बाबतीत आळस केलाय.

वार्षिक वर्गणीऐवजी पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद घ्या आणि स्वतःची कार्डं करा. आधी एकच देश ठरवा आणि चाळीसेक शब्द निवडा. पुढे चित्र आणि देशाचं नाव, मागे आर्टिकलसकट (‘ला कामिसा’तल्या ‘ला’सारखं शब्दाआधीचं छोटं पद) शब्द. त्याखाली लाल शाईने, तोच शब्द दुसऱ्या देशात काय होतो ते. अर्थ स्पॅनिश अकादमीच्या मोफत ऑनलाइन कोशात तपासा. अर्थाच्या आधी देशाचं संक्षिप्त नाव असतं. तिथे न सापडलेला शब्द २०१० च्या ‘दिक्सिओनारिओ दे आमेरिकानिस्मोस’ या लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांच्या कोशात पाहा. ‘पोलेरा’ आणि ‘पोयेरा’ शेजारी-शेजारी ठेवा, आणि दुसरा ‘एल’ लाल शाईने.