मीटर ब्रिजचा संच: पाटी उत्तम, जॉकी मात्र बदला

बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी मिळणारा हा लाकडी पाटीवरचा मीटर ब्रिज (मीटरभर तारेच्या दोन भागांच्या लांबींच्या गुणोत्तरावरून अज्ञात रोध मोजायचं साधन) घ्यायला हरकत नाही. पाटी सरळ आहे, तांब्याच्या पट्ट्या जाड आहेत आणि मोजपट्टी तारेला अगदी लागून आहे. तार कॉन्स्टन्टनची (तांबं-निकेलचा मिश्रधातू), ०.५ मिमी व्यासाची, म्हणजे मीटरभर तारेचा रोध साधारण २.५ ओहम. अचूकतेचं सगळं गणित याच आकड्यातून निघतं. टोकाच्या स्क्रूखाली नुसता ०.०१ ओहम संपर्करोध असला, तरी तो ४ मिमी तारेइतका भरतो.

म्हणून टोकांचे स्क्रू आधी तपासा. पट्टी काळवंडली असेल तर पॉलिश पेपरने घासा आणि तार ताणून घट्ट आवळा. जोडतारांची टोकंही घासून घ्या. रेझिस्टन्स बॉक्सच्या (माहीत असलेला रोध निवडून लावायची पेटी) प्लगना मात्र पॉलिश पेपर लावू नका. कोरड्या फडक्याने पुसून, दाबून पिळत बसवा. एक जरी सैल राहिला तर शून्य बिंदू (तारेवर जिथे टेकल्यावर गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर राहतो ती जागा) दर वेळी सरकतो.

संचातला जॉकी (तारेवर टेकवायची धातूची कांडी) कमकुवत आहे. त्याचं टोक गोल असल्यामुळे तारेला नेमका कुठे टेकला ते कळत नाही. सुरीच्या धारेचा वेगळा घ्या, आणि तो तारेवरून ओढू नका, उचलून टेकवा. ओढल्याने तार जागोजागी बारीक होते; मग लांबी आणि रोध यांचं प्रमाण राहत नाही.

बॉक्समधला रोध असा निवडा की शून्य बिंदू ४० ते ६० सेमीत यावा. वाचनातली १ मिमीची चूक ५० सेमीला उत्तरात ०.४ टक्के होते, १० सेमीला १.१ टक्के. त्यानंतर अज्ञात रोध आणि बॉक्स यांची अदलाबदल करून सरासरी घ्या. एवढ्याने टोकांची सगळी चूक जाते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. अदलाबदलीने दोन टोकांमधला फरक तेवढा जातो. दोन्हीकडे सारखीच ४ मिमीची चूक असेल आणि शून्य बिंदू २० सेमीला असेल, तर अदलाबदलीनंतरही दीड टक्का चूक तशीच राहते. मध्याजवळ राहायचं ते यासाठी.

२ व्होल्टचा सेल या तारेतून ०.८ अँपिअर प्रवाह पाठवतो, तार तापते. म्हणून सर्किटची की (स्विच) फक्त वाचनापुरती लावा. तांबं-कॉन्स्टन्टन सांध्यात अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट निर्माण होतात, तेव्हा सेलची टोकं उलटी जोडूनही वाचन घ्या. मँगनिनच्या (तांबं-मँगनीजचा मिश्रधातू) तारेचा संच मिळाला तर जास्त पैसे देऊनही तोच घ्यावा. सांध्यातल्या या व्होल्टेजचा त्रास जवळजवळ संपतो.

खरेदीनंतरची चाचणी: डावीकडे १ ओहम, उजवीकडे १० ओहम लावा. शून्य बिंदू ९.०९ सेमीला यायला हवा. तो ८.७६ला आला आणि अदलाबदलीनंतर ९१.२४ला, तर दोन्ही टोकांना ४-४ मिमी जास्तीचे आहेत. मग प्रत्येक वाचनात दोन्ही लांबींमध्ये ०.४ सेमी मिळवूनच गुणोत्तर काढा.