आर्टेमिया समृद्ध करणारे ओमेगा-३ इमल्शन: नाशिकमध्ये मिळणारी बाटली

चिंबोरीच्या (खाडीतल्या खेकड्याच्या) अळ्यांना सुरुवातीला रोटिफर (सूक्ष्म जलजीव) आणि पुढे आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) हे जिवंत खाद्य द्यावे लागते. परंतु नुकत्याच उबलेल्या आर्टेमियात अळ्यांना लागणारे डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल (तेलातला घटक) जवळजवळ नसतेच. ती उणीव भरून काढण्यासाठी हे इमल्शन (पाण्यात मिसळेल असे केलेले तेल) नाशिकमधील मत्स्यालय-साहित्याच्या एका दुकानातून घेतले.

पाण्यात ते चांगले मिसळते, तवंग राहत नाही, आणि काही तासांतच आर्टेमियाच्या आतड्यातले तेलाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. सोबतच्या पत्रकात मात्र ‘उबताच मिसळावे’ असे छापले आहे, जे निरर्थक आहे, कारण पहिल्या अवस्थेतील आर्टेमियाचे तोंडच उघडलेले नसते. साधारण ८ तासांनंतर, पहिली कात टाकल्यावर, ते खाऊ लागते.

खरी तक्रार लेबलविषयी आहे. त्यावर केवळ ‘ओमेगा-३’ची एकूण टक्केवारी आहे, ईपीए आणि डीएचए ही त्यातली दोन मेदाम्ले वेगळी दिलेली नाहीत. ईपीएचा संबंध प्रामुख्याने अळ्या जगण्याशी, तर डीएचएचा कवचाच्या वाढीशी आहे. शिवाय ही मेदाम्ले अती झाली, तर पाचव्या झोइया (सुरुवातीच्या अळीच्या) अवस्थेतून मेगालोपा (खेकड्याचे पिल्लू होण्याआधीची अवस्था) होताना अळ्या जुन्या कवचातच अडकून मरतात. अशा वेळी ‘थोडे जास्त घाला, चालते’ हा दुकानदाराचा सल्ला ऐकू नये.

तेल उघड्या फळीवर ठेवलेले होते. एप्रिल-मेमध्ये तरी शीतकपाटातलीच, सीलबंद बाटली मागून घ्यावी. खवट वास आल्यास तिथल्या तिथे परत करावी.