सकुराचे क्रेपास: मुलांच्या हातासाठीच घडवलेले रंग

लेक ओसाकातल्या शाळेत पहिलीत गेली आणि चित्र-हस्तकलेच्या तासासाठी क्रेपासचा, म्हणजे सकुरा या जपानी कंपनीच्या रंगकांड्यांचा, सोळा रंगांचा डबा घरी आला. इथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक कांडीवर मुलीचं नाव लिहायचं असतं. ते एकदा झालं की डबा मुलीच्या हवाली.

साधा मेणखडू कडक. रेघ छान उमटते, पण रंगावर रंग चढत नाही. खडूसारखा कोरडा पेस्टल चढतो, पण त्याचा भुगा पडतो. क्रेपास तेलकट आणि मऊ असतो, म्हणून दोन्ही साधतं. लेकीने गडद निळं आभाळ भरलं आणि त्यावर पिवळ्याने चांदण्या टेकवल्या. कडेला पिवळा जरासा हिरवट झाला, पण चांदणी निळ्यात बुडाली नाही. ढगासाठी पांढरा फिरवला, बोटाने घासला, झालं काम. काळ्याखाली दुसरे रंग भरून ठेवले की टूथपिकने खरवडून झाडाच्या फांद्या काढता येतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं!

हा मऊपणा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामागे इतिहास आहे. शंभर वर्षांपूर्वी जपानी शाळांत चित्रकला म्हणजे मुख्यतः नमुन्याच्या चित्राची नक्कल. चित्रकार यामामोतो कानाए फ्रान्सहून रशियामार्गे परतताना मॉस्कोत मुलांची चित्रं पाहून भारावला. 1919 मध्ये नागानो प्रांतात, उएदाजवळच्या कांगावा शाळेत त्याने मुलांच्या मुक्तचित्रांचं प्रदर्शन भरवलं. नक्कल नको, मुलांनी स्वतः पाहिलेलं, स्वतःला जाणवलेलं काढावं, हा त्याचा आग्रह देशभर पसरला. अशी चित्रं काढायला लहान हातांना सोपं, पण रंगांची मजा देणारं साहित्य हवं होतं. सकुराने 1925 मध्ये क्रेपास आणला, तो याच वातावरणात. सुरुवातीला हवामानानुसार कांडी मऊ-कडक व्हायची, म्हणून उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा क्रेपास वेगवेगळा होता!

तेलकट रंग पुरता वाळत नाही, म्हणून चित्रांच्या मध्ये कोरा कागद ठेवा. बारीक तपशील किंवा सरळ रेघा हव्या असतील तर रंगीत पेन्सिलच घ्या. पण मोकळ्या हाताने चित्र काढणाऱ्या मुलासाठी मी हेच सुचवेन. पांढरी कांडी सगळ्यांत आधी संपते. जपानात ती सुटी मिळते, अख्खा डबा पुन्हा घ्यावा लागत नाही.